तीन बाण की चौदा कलमं? जपानचं मोरी घराणं वर आलं कसं?

पारंबी

मंडळी, गेल्या पावसाळ्यात लेकीच्या शाळेत गोष्ट सांगायची स्पर्धा होती. तिने आपली नेहमीची म्हातारा आणि काठ्यांच्या मोळीची गोष्ट घेतली. तिच्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा चार वर्षं जपानात नोकरीला होते. त्याने तीच गोष्ट बाणांची करून सांगितली. मोरी मोतोनारी नावाचा सरदार मरणाच्या दारी आहे, तिन्ही मुलांना जवळ बोलावतो, एकेक बाण मोडायला देतो, तो सहज मोडतो. मग तीन बाण एकत्र देतो, ते काही केल्या मोडत नाहीत.

घरी येऊन शोधाशोध केली तर गोष्टीचा पायाच निखळला. मोतोनारी वारला १५७१ मध्ये. थोरला मुलगा ताकामोतो १५६३ मध्येच गेला होता. मग अंथरुणाशी तीन मुलं आली कुठून? आहे ते एक पत्र आहे, १५५७ च्या अकराव्या महिन्यातलं. ताकामोतो, मोतोहारु आणि ताकाकागे या तिघांना बापाने स्वतः लिहिलेलं, चौदा कलमांचं. बाणांची गोष्ट त्या पत्रातूनच पुढे कुणीतरी रचली असावी.

तेव्हापासून सहा महिने मी या घराण्यात अडकले आहे. मूळ पुरुष ओए नो हिरोमोतो, कामाकुराच्या पहिल्या शोगूनचा (म्हणजे लष्करी राज्यकर्त्याचा) कारभारी, म्हणजे लेखणीचा माणूस. त्याच्या चौथ्या मुलाला सागामी प्रांतातली मोरी नावाची जहागीर मिळाली, तेच आडनाव झालं. १२४७ मध्ये चुकीच्या बाजूने लढून घराणं जवळजवळ संपलं. एक शाखा उरली, ती १३३६ मध्ये पश्चिमेला आकी प्रांतातल्या योशिदा खोऱ्यात (आजचा हिरोशिमा जिल्हा) येऊन राहिली. पुढची दोनशे वर्षं एक खोरं आणि एक डोंगरी किल्ला, बस्स. १५२३ मध्ये मोतोनारी गादीवर बसला तेव्हाही तेवढंच होतं. १५६६ मध्ये पश्चिम होन्शूत (होन्शू म्हणजे जपानचं मुख्य बेट) त्याच्या तोडीचा एकही सरदार उरला नव्हता.

हे झालं कसं? माझं मत सांगते. एकीचा उपदेश त्याने सगळं मिळवून झाल्यावर केला. मिळवलं ते वेगळ्याच वाटेने. तुम्हाला काय वाटतं?

दगडफूल

पहिला! वाचनखूण साठवली. सावकाश वाचतो.

निळूभाऊ

आमच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. शीर्षक वाचून क्षणभर वाटलं प्लंबरचा धागा आहे. :)

पण विषय भारी आहे. येऊ द्या.

पारंबी

@निळूभाऊ, :) उच्चारात "मो" लांबवायचा. मोऽरी.

बखरवाचक

छान विषय. पण ताई, तुम्ही एकदम १५२३ वर उडी मारलीत. त्याआधीचं बालपण पाहिल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

मोतोनारी धाकटा मुलगा, जन्म १४९७. चौथ्या-पाचव्या वर्षी आई गेली, दहाव्या वर्षी बाप. थोरला भाऊ ओकिमोतो गादीचा मालक, तो ओउची सरदारांच्या चाकरीत दूर गेलेला. पोरक्या पोराच्या वाट्याला आलेली छोटी जमीन इनोउए नावाच्या कारभाऱ्यानेच गिळली. लोक त्याला "भिकारी युवराज" म्हणत अशी आठवण आहे. पुढे १५१६ मध्ये भाऊही गेला. भावाचा मुलगा दोन वर्षांचाही नसेल, त्याच्या नावाने काकाने कारभार पाहिला. १५१७ मध्ये शेजारचा ताकेदा मोतोशिगे मोठी फौज घेऊन चालून आला, त्याला मोतोनारीने पहिल्याच लढाईत मारलं. वय वीस. १५२३ मध्ये पुतण्या नऊ वर्षांचा होऊन वारला आणि गादी याच्याकडे आली. दुसऱ्याच वर्षी सावत्रभावाने काही सरदारांना हाताशी धरून उठाव केला. त्यालाही मारावं लागलं.

आणि हे सगळं दोन जात्यांच्या मधे. उत्तरेला इझुमोचे आमागो, पश्चिमेला यामागुचीचे ओउची. आकीतले बारीकसारीक सरदार म्हणजे आपल्याकडच्या देशमुखांसारखे. आज आदिलशाही, उद्या निजामशाही, ज्याची फौज दारात त्याला मुजरा. मोतोनारी आधी आमागोंकडे होता, १५२५ मध्ये ओउचींकडे गेला. १५३७ मध्ये थोरला मुलगा त्यांच्याकडे ओलीस ठेवला.

सुमनताई

बखरवाचक, छान लिहिलंत. पण बाईचं नाव राहिलं. सुगी नो ओकाता. ही मोतोनारीची सावत्र आई. नवरा गेला तेव्हा तरुण होती, दुसरं लग्न सहज करता आलं असतं. तिने ते केलं नाही, या पोरक्या मुलापाशी राहिली. चौदा कलमांतल्या एका कलमात मोतोनारी सांगतो, अकरा वर्षांचा असताना एक साधू आला, त्याने सकाळी सूर्याला हात जोडून नामस्मरण करायला शिकवलं, ते मी आजतागायत करतो, तुम्हीही करा. त्या साधूपुढे त्याला हात धरून घेऊन बसली ती हीच बाई. साठीचा माणूस, अर्धा मुलूख जिंकलेला, आणि मुलांना सांगतोय काय, तर रोज सकाळी सूर्याला नमस्कार करा. मला हे वाचून भरून आलं.

दुसरी गोष्ट दारूची. त्याचा आजा, बाप आणि भाऊ तिघंही दारूने लवकर गेले असं तो स्वतःच लिहितो. भाऊ तर पंचविशीही गाठू शकला नाही. मोतोनारी स्वतः पीत नसे, पंच्याहत्तरीपर्यंत जगला. नातू तेरुमोतो प्यायला लागल्याचं कळल्यावर त्याने सुनेला पत्र लिहिलं, की पोराला लहानशा एक-दोन वाट्यांवर थांबवत जा. म्हातारा राज्य चालवतोय आणि सुनेला पत्रं लिहितोय.

माझ्या माहेरी दोन पिढ्यांनी दारूपायी विहिरीची जमीन घालवली. आजीने असंच एकेकाला धरून सांगितलं असतं, पण तिचं ऐकणारं कुणी नव्हतं. म्हणून हे पत्र मला त्या लढायांपेक्षा मोठं वाटतं.

चहाबाज

सुमनताई, __/\__

जाता जाता, कुठेतरी वाचलं होतं की भेटायला आलेल्या शिपायाला तो विचारायचा, पितोस का? हो म्हटलं तर साके, म्हणजे तांदळाची दारू, नाही म्हटलं तर मोची, म्हणजे तांदळाचा गोळा. दोन्ही तयार ठेवलेलं असायचं. गरीब शिपाई एखादं फळ किंवा मासा घेऊन आला तरी रिकाम्या हाताने परत जायचा नाही.

हिरोशिमाकर

धाग्यावर उशिरा पोचलो. मी सहा वर्षं इथे आहे, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

योशिदाला हिरोशिमाहून बसने दीड तासाच्या आसपास लागतो. कोरियामा किल्ला म्हणजे आपल्या मनात किल्ला म्हटल्यावर जे येतं तसं काही नाही. तटबंदी नाही, बुरूज नाही, पांढरा मनोरा तर नाहीच. अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापून काढला आहे. अशा दोनशे सत्तरच्या वर सपाट्या आहेत म्हणतात. झाडी इतकी दाट की एका सपाटीवरून दुसरी दिसत नाही, पायाखाली सुकलेल्या पानांचा चर्रचर्र आवाज तेवढा. मोतोनारीने किल्ला वाढवला तो असा, डोंगराच्या एका सोंडेवरून पसरत पसरत पूर्ण डोंगरभर.

१५४० मध्ये आमागो हारुहिसा ३०,००० माणूस घेऊन याच डोंगराखाली आला. मोतोनारीकडे लढणारे अडीच हजारही नव्हते. त्याने आसपासच्या गावांतले शेतकरी, बायका, पोरं सगळी वर घेतली, मिळून ८,००० माणसं. चार महिने तग धरला, मग ओउचींची कुमक आली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आमागो माघारी गेले. वर उभं राहून खाली भाताची खाचरं बघताना मला तेच दिसत होतं. ज्यांची शेतं खाली जळत होती ते लोक या सपाट्यांवर बसून ती बघत असणार.

मोतोनारीच्या कबरीपाशी एक दगड आहे, त्यावर चार अक्षरं: "ह्याकुमान इश्शिन", दहा लाख माणसं, एक मन. कथा अशी की बांधकाम पुन्हा पुन्हा ढासळत होतं, लोक म्हणाले नरबळी द्या. मोतोनारीने नकार दिला आणि माणसाऐवजी ही अक्षरं कोरलेला दगड पुरायला लावला. अक्षरं मुद्दाम अशी काढलीत की फोडून वाचली तर "एक दिवस, एक बळ, एक मन" असं निघतं. कबरीजवळचा दगड नंतरचा आहे, मूळ दगडाचा आज ठावठिकाणा नाही.

निळूभाऊ

बुरूज चिणताना बळी दिल्याच्या कथा आपल्या किल्ल्यांवरही ऐकू येतात. इथे मात्र बळी नाकारल्याची कथा आहे, हे आवडलं.

खारा_वारा

आता इत्सुकुशिमाबद्दल कुणी बोलणार की मीच सुरू करू?

मी मालवणचा, होडीवर वाढलेला, त्यामुळे या लढाईचा विचार समुद्राकडूनच करतो. १५५१ मध्ये ओउचींचा सेनापती सुए हारुकाता मालकावर उलटला, मालकाने पोट फाडून घेतलं. चार वर्षांनी मोतोनारी आणि सुए समोरासमोर आले. सुएकडे २०,००० आणि मोतोनारीकडे चार-पाच हजार असं परंपरा सांगते. लढाईची जागा इत्सुकुशिमा ऊर्फ मियाजिमा बेट, तेच, ज्याचं पाण्यातलं तांबडं तोरणद्वार सगळ्यांनी फोटोत पाहिलंय.

तारीख बघा. त्यांच्या पंचांगाप्रमाणे दहाव्या महिन्याचा पहिला दिवस. महिना अमावास्येला सुरू व्हायचा. म्हणजे आदली रात्र काळोखी, चंद्राचं नाव नाही, आणि अमावास्येचं उधाण. तिथे उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरपर्यंत फरक पडतो. त्यात वादळ. सुएचे लोक निर्धास्त झोपले असणार, असल्या रात्री कोण येणार? मोतोनारी त्या रात्री बेटाच्या मागच्या किनाऱ्यावर उतरला, होड्या परत पाठवल्या, म्हणजे परतीची वाट स्वतःच बंद केली, रात्रीत डोंगर चढून पहाटे वरून सुएच्या तळावर कोसळला. धाकटा मुलगा ताकाकागे देवळाच्या बाजूने, समुद्रातून आला. मुराकामी नावाचे सागरी लढवय्ये ऐनवेळी मोरींच्या बाजूने उभे राहिले. बेटावरून बाहेर पडायला होडी मिळेना. सुएने तिथेच जीव दिला.

अशा पाण्यात रात्री फौज उतरवायची तर पाणी ओळखणारा माणूस लागतो. ती माणसं ताकाकागेकडे होती. कारण कोबायाकावा घराणं समुद्राकाठचं होतं आणि ते आता त्याचं होतं. म्हणून पारंबीताई, मी म्हणेन की तुमच्या प्रश्नाचं उत्तर खाऱ्या पाण्यात आहे.

बखरवाचक

@खारा_वारा, उधाणाचा मुद्दा मस्त, माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. पण आकड्यांवर फार विसंबू नका. त्या बेटावर देवळाभोवती सपाट जागा किती? २०,००० माणसं उभी करून दाखवा. आणि मोतोनारीने आधी बेटावर छोटा किल्ला बांधून सुएला मुद्दाम आमिष दाखवलं, ही गोष्टही पुढच्या काळात लिहिलेल्या युद्धकथांची आहे. आपल्या उत्तरकालीन बखरींसारख्याच त्या. जिंकणाऱ्याचं सगळं आधीच ठरलेलं असतं त्यांत.

खारा_वारा

मान्य. पण वादळात होडी घालायचा निर्णय कुणीतरी त्या रात्रीच घेतला असणार ना? तो बखरीत नाही घेतला.

हिरोशिमाकर

अवांतर: मियाजिमा पवित्र बेट, तिथे जन्म आणि मरण दोन्ही वर्ज्य. त्यामुळे लढाईनंतर मोतोनारीने प्रेतं पलीकडच्या किनाऱ्यावर नेली, रक्त सांडलेली माती काढून टाकली आणि देऊळ समुद्राच्या पाण्याने धुऊन काढलं. चौदा कलमांतही तो लिहितो की इत्सुकुशिमाच्या देवीवर माझी श्रद्धा आहे, तुम्हीही ठेवा.

चहाबाज

मला एक कळत नाही. सगळे कौतुक करताहेत, पण खारा_वारा सहज लिहून गेले, "कोबायाकावा घराणं आता त्याचं होतं". त्याचं झालं कसं?

पारंबी

चहाबाज, धन्यवाद, मी याच प्रश्नाची वाट बघत होते. जरा लांब लिहिते.

मोतोनारीला पट्टराणीपासून तीन मुलगे. थोरला मोरींच्या गादीसाठी. धाकटा ताकाकागे समुद्राकाठच्या कोबायाकावांना दत्तक दिला, आधी १५४४ मध्ये त्यांच्या छोट्या शाखेत. मग मोठ्या शाखेचा तरुण मालक आंधळा झाला होता, त्याला बाजूला करून देवळात बसवलं, त्याच्या बहिणीशी ताकाकागेचं लग्न लावलं, आणि विरोध करणारे कारभारी मारले. मधला मोतोहारु डोंगराकडच्या किक्कावांना दत्तक. तिथला मालक ओकित्सुने म्हणजे मोतोनारीच्या बायकोचा सख्खा भाचा. त्याला आधी सक्तीने निवृत्त केलं आणि १५५० मध्ये मुलासकट मारलं. बायको तेव्हा पाच वर्षांपूर्वी वारली होती. तिच्यावर त्याचं जीव लावण्याइतकं प्रेम होतं, नंतरच्या पत्रांत तो तिची आठवण काढतो, आणि त्याच माणसाने तिच्या माहेरचा वंश कापला. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, मला अजून उमगलेलं नाही.

त्याच १५५० साली इनोउए. बखरवाचकांनी सांगितलेले तेच, लहानपणी जमीन गिळणारे. त्यांच्यातले तीसहून जास्त लोक एका झटक्यात मारले. चाळीस वर्षं हा माणूस त्यांच्याशी गोड बोलत राहिला होता. त्यानंतर लगेच २३८ चाकरांनी सह्या करून शपथपत्र दिलं की यापुढे तुमचा हुकूम मानू. माझ्या मते मोरी घराणं वर आलं ते त्या दिवशी. तोवर मोतोनारी बरोबरीच्या लोकांतला पहिला होता. त्यानंतर तो मालक झाला. इत्सुकुशिमा पाच वर्षांनी आलं.

चहाबाज

मग हा सरळसरळ खुनी माणूस झाला. बाणांची गोष्ट मुलांना सांगूच नये.

सुमनताई

चहाबाज, थांबा. त्याला ते माहीत होतं. त्याच पत्रात एक कलम आहे, की माझ्या हातून खूप माणसं मारली गेली, त्याचं फळ कधीतरी मिळणारच, तुम्हाला भोगावं लागेल याचं वाईट वाटतं, म्हणून जपून वागा. त्या काळात मुलांना हे लेखी देणारा बाप मला दुसरा दाखवा.

बखरवाचक

सुमनताईंशी अर्धा सहमत. कबुली आहे, पण पश्चात्तापाने कुणाची गादी परत दिली नाही.

आणखी एका पत्रातलं वाक्य मात्र मला हलवून गेलं. ताकामोतोला तो लिहितो, आपल्या घराण्याचं भलं व्हावं असं वाटणारा माणूस परक्या प्रांतांचं सोडा, आपल्या प्रांतातही एक नसेल. जिंकलेल्या माणसाची ही भाषा आहे! चौदा कलमांतली एकी आली ती या भीतीपोटी.

मावळते_रंग

मी यामागुचीजवळच्या होफू शहरातलं मोरी संग्रहालय पाहिलं आहे. मूळ सरदारवाडा आणि बाग, शांत जागा. पत्र तीन मीटरच्या आसपास लांब आहे. अक्षर बारीक, घाईचं, ओळी मधेच दाटलेल्या. बोलत सुटलेला बाप कागदावर दिसतो.

पण मी जिथे जास्त वेळ थांबले तो कागद दुसराच. त्याच १५५७ सालचा, चौदा कलमांच्या पुढच्याच आठवड्यातला. आकीतल्या बारा सरदारांचा आपसातला करार, आपापल्या शिपायांनी लूटमार केली किंवा परवानगीशिवाय तळ सोडला तर ठार मारायचं असा. सह्या खाली एकाखाली एक केलेल्या नाहीत. मधे मोकळी जागा ठेवून भोवती गोल, छत्रीच्या काड्यांसारख्या. पहिला कोण, शेवटचा कोण कळूच नये म्हणून. म्हणजे १५५७ मध्येही मोतोनारी बाहेरच्यांपुढे स्वतःला मालक म्हणवत नव्हता. पारंबीताई, तुमचं १५५० मला घरच्या चाकरांपुरतं पटतं, बाकीच्या सरदारांसाठी नाही.

दगडफूल

@मावळते_रंग, सावकाश वाचतो म्हणालो होतो, म्हणून ती बारा नावं शोधून मोजली. मोतोनारी स्वतः एक. ताकामोतो, किक्कावा मोतोहारु, कोबायाकावा ताकाकागे हे तीन मुलगे. शिशिदो ताकाइए जावई. कुमागाई नोबुनाओ मोतोहारुचा सासरा. बारातले सहा घरचे! गोल आहे खरा, पण अर्धा गोल एकाच पंगतीतला.

मावळते_रंग

हे मोजायचं मला तिथे उभी असताना सुचलं नाही. वा!

निळूभाऊ

दगडफूल, पहिल्या प्रतिसादात "पहिला!" लिहिणाऱ्याने हे काढलं म्हणजे कमालच.

धातुवाला

सगळे माणसांवर बोलताय, पैसा कुठून आला ते कुणी विचारत नाही. फौज उपाशीपोटी चालत नाही.

इवामी प्रांतात चांदीची खाण होती. १५२० च्या दशकात हाकाताच्या कामिया नावाच्या व्यापाऱ्याने ती चालू केली, आणि १५३३ मध्ये कोरियाकडून चांदी गाळायची नवी रीत तिथे आली. रीत साधी पण विलक्षण आहे. चांदी असलेला दगड शिशाबरोबर वितळवतात, चांदी शिशात उतरते. मग तो गोळा राखेच्या थरावर ठेवून तापवायचा. शिसं राखेत झिरपत जातं आणि वर चांदीचा मणी चकाकत उरतो. आमच्या प्रयोगशाळेत सोन्याची शुद्धता तपासताना आजही हेच करतो, राखेऐवजी छोटी वाटी असते एवढंच. शेवटी शिशाचा पडदा फाटतो आणि मणी एकदम लखकन उजळतो, तो क्षण वीस वर्षांनंतरही मी चुकवत नाही.

या खाणीसाठी ओउची, आमागो आणि मोरी वर्षानुवर्षं झगडले. १५६२ मध्ये ती पक्की मोरींकडे आली. त्याच वर्षी मोतोनारी आमागोंच्या गास्सान-तोदा किल्ल्याकडे निघाला आणि १५६६ पर्यंत वेढा घालून बसला. शेवटी अन्न संपल्यावर आमागोंनी दार उघडलं आणि मोतोनारीने त्यांना जिवंत सोडलं. चार वर्षं वेढा घालायचा तर रोजची शिधा लागते. ती चांदीतून आली असणार. १५६० मध्ये सम्राटाच्या राज्यारोहणाचा अडलेला खर्चही मोतोनारीने उचलला होता. १५३३ ची भट्टी नसती तर १५६६ नसतं, असं माझं म्हणणं.

खारा_वारा

आणि ती चांदी बंदरातून समुद्रानेच जायची. :)

चहाबाज

अवांतर: हिरोशिमाच्या फुटबॉल संघाचं नाव सानफ्रेच्चे. जपानी "सान" म्हणजे तीन, इटालियन "फ्रेच्चे" म्हणजे बाण. मुलांना गोष्ट सांगू नये म्हणालो होतो, पण आता अख्खं स्टेडियम सांगतंय.

हिरोशिमाकर

सामना असला की जांभळ्या कपड्यांतली पोरं ट्रामभर असतात. परवा एका सहा वर्षांच्या मुलाला विचारलं, तीन बाण कुणाचे? म्हणाला, मोतोनारीसानचे. शेजारी आजी बसली होती, ती म्हणाली, तो बाण मोडणारा मुलगा आधीच वारला होता बरं का! तिथल्या आजीलाही ठाऊक आहे.

निळूभाऊ

पण पुढे काय झालं? एवढं मिळवलं ते टिकलं का?

बखरवाचक

निळूभाऊ, थोडक्यात सांगतो. नातू तेरुमोतोने १५८९ मध्ये हिरोशिमाचा किल्ला बांधायला घेतला, डोंगर सोडून समुद्रावर आला. पुढे सगळा जपान एका हाताखाली आणणाऱ्या हिदेयोशीच्या राज्यात ११ लाख कोकुंहून जास्त उत्पन्न (एक कोकु म्हणजे साधारण एका माणसाचा वर्षाचा तांदूळ), पाच मोठ्या कारभाऱ्यांत स्थान. मग १६०० ची सेकिगाहाराची लढाई, पूर्वेचे तोकुगावा विरुद्ध पश्चिमेचे सरदार. तेरुमोतो पश्चिमेच्या बाजूचा नावाचा सेनापती, पण ओसाकाच्या किल्ल्यात बसून राहिला. किक्कावा हिरोइए, म्हणजे मोतोहारुचाच मुलगा, त्याने तोकुगावांशी आतून बोलणी केली होती आणि मोरींची फौज डोंगरावरून हलू दिली नाही. मागचे सरदार विचारायला आले की निघत का नाही, तर उत्तर गेलं, शिपाई जेवताहेत. जपानीत अजून म्हण आहे, "साइशोसाहेबांचा रिकामा डबा" (साइशो ही त्या फौजेच्या सरदाराची दरबारी पदवी). कोबायाकावांचा दत्तक वारस हिदेआकी तर भर रणात उलटला. म्हणजे ज्या दोन घराण्यांना मोतोनारीने मोरींचे दोन हात केलं, त्याच दोघांनी त्या दिवशी काम बिघडवलं. आठ-नऊ प्रांतांचे दोन उरले.

सुमनताई

पण हिरोइएने ते मोरींचं नाव वाचवण्यासाठीच केलं ना? तोकुगावा मोरींचा सगळा मुलूख काढून घेऊन दोन प्रांत हिरोइएला द्यायला निघाले होते, त्याने ते मालकाला द्यायला लावले. पत्राचं पहिलंच कलम आहे, मोरी हे नाव कधी बुडू देऊ नका. आणि दुसऱ्यात तो म्हणतो, किक्कावा, कोबायाकावा ही नावं तात्पुरती, मोरी विसराल तर याद राखा. नातवाने अक्षरशः तेच पाळलं. फौजेची अब्रू गेली, नाव राहिलं.

बखरवाचक

हा विचार मी केला नव्हता. माझं "काम बिघडवलं" हिरोइएपुरतं मागे घेतो. हिदेआकीपुरतं नाही. :)

पारंबी

मंडळी, मी मूळ प्रश्नाकडे येते. धागा सुरू केला तेव्हा १५५० चा रक्तपात हेच उत्तर असं माझं ठाम मत होतं. आता मत थोडं सरकलं आहे. २३८ सह्यांनी घर ताब्यात आलं, पण प्रांत त्या गोल कागदाने आला, आणि गोल कागद शक्य झाला तो आधी पाच-सहा घरांत मुलं-मुली दिल्यामुळे. धातुवाल्यांची चांदी नसती तर पुढची धाव झाली नसती. खारा_वारा यांचं पाणीही मान्य. तरी एक कलम कुणीच घेतलं नाही. पट्टराणीच्या तीन मुलांना तो सांगतो, आता बाकीची पोरं आहेत ती किड्यामुंगीसारखी. त्यातलं कुणी माणसासारखं निघालंच तर लांब कुठेतरी जमीन द्या, बहुतेक सगळी मूढच निघतील, त्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. स्वतःच्या लेकरांबद्दल! मला हे कलम सगळ्यात जास्त खुपतं.

मावळते_रंग

पारंबीताई, त्या किड्यामुंग्यांतला एक म्हणजे चौथा मुलगा मोतोकियो. पत्र लिहिलं तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. त्याचा मुलगा हिदेमोतो. रिकाम्या डब्याचे साइशोसाहेब ते हेच. त्याला पुढे चोफूची छोटी जहागीर मिळाली. १७०७ मध्ये थोरल्या घराण्याचा मालक निपुत्रिक वारला, तेव्हा चोफूचा मुलगा आणून गादीवर बसवला. कोबायाकावांचं नाव हिदेआकीबरोबर १६०२ मध्येच संपलं होतं. १८६८ मध्ये तोकुगावा शोगूनशाही उलथवणाऱ्यांत जे चोशू संस्थान पुढे होतं, त्याचे मोरी याच मोतोकियोच्या रक्ताचे.

पारंबी

हे मला माहीत नव्हतं. लेकीला आज रात्री हीच गोष्ट सांगते, बाणांऐवजी.